उदरातील अंधार आणि शेजाऱ्याचे शास्त्र



गेल्या पावसाळ्यात एका रविवारी शब्बाथशाळा सुटल्यावर वरच्या वर्गातील एक मुलगा माझ्यापाशी थांबला. त्याच्या हाती दोन पत्रके होती. पहिल्यात लिहिले होते की, आईच्या उदरात गर्भ कसा वाढतो हे कुराणाने चौदाशे वर्षांपूर्वीच सांगून ठेविले, म्हणून ते ईश्वरी. दुसऱ्यात लिहिले होते की, ते वर्णन ग्रीक वैद्यांकडून उचललेले असून शिवाय चुकीचे आहे, म्हणून ते खोटे. मुलगा अकरावीत विज्ञान शाखेला आहे. त्याने सरळ विचारले, "सर, यातले खरे कोणते? उद्या कॉलेजात मित्राला उत्तर द्यायचे आहे."

मला चटकन उत्तर देता आले नाही, कारण हा प्रश्न माझ्याकडे प्रथमच आला नव्हता. वीस वर्षांपूर्वी, ईश्वरविज्ञानाची पदविका नुकतीच पदरात पडली असता, मीच एका तरुण संघाच्या सभेत दुसऱ्या पत्रकासारखा मजकूर वाचून दाखविला होता आणि सर्वांना हसविले होते. आमच्या हैदराबादेतील गल्लीत त्या वेळी एक निवृत्त कंपाउंडर राहत. सारी गल्ली त्यांना चाचा म्हणे. त्यांची अर्धी नोकरी मिशनच्या दवाखान्यात झाली होती, त्यामुळे पवित्र शास्त्र त्यांच्या चांगले वाचनात होते. माझ्या भाषणाची गोष्ट त्यांच्या कानी गेली. ते रागावले नाहीत. वाटेत भेटले तेव्हा एवढेच म्हणाले, "बेटा, तुमच्या अयूब नबींनी दूध आणि विरजणाविषयी काय म्हटले आहे, ते एकदा वाच. मग माझ्याकडे चहाला ये."

मी घरी येऊन ईयोबाचा दहावा अध्याय उघडला आणि माझी मान खाली गेली. चहाला मात्र गेलो. त्या संध्याकाळी आणि पुढे अनेक संध्याकाळी जे ऐकले, व नंतर जे वाचले, ते आज आपणापुढे ठेवितो. प्रश्न गर्भशास्त्राचा दिसतो खरा. परंतु आपल्यापुरता तो नवव्या आज्ञेचा आहे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, हे त्याच्या घराला आणि शेताला जसे लागू आहे तसे त्याच्या पवित्र ग्रंथालाही लागू आहे काय?

कुराणात काय आहे

प्रथम मूळ वर्णन पाहू. कुराणाच्या तेविसाव्या अध्यायात, म्हणजे 'अल्-मुअमिनून' या सूरहमध्ये, १२ ते १४ या वचनांत मनुष्याच्या घडणीच्या पायऱ्या येतात. आरंभ मातीच्या सारापासून. मग 'नुत्फा', म्हणजे एक थेंब, सुरक्षित ठिकाणी ठेविला जातो. थेंबाचा 'अलका' होतो. या शब्दाचे मूळ लोंबकळणे, चिकटून राहणे या अर्थाचे आहे. कोणी त्याचा अर्थ रक्ताची गुठळी असा करतात, कोणी जळू असा करतात. अलकाचा 'मुज्गा' होतो, म्हणजे चावलेल्या घासाएवढा मांसाचा गोळा. त्यातून हाडे होतात, हाडांवर मांस चढविले जाते, आणि अखेरीस ईश्वर त्याला एक निराळीच निर्मिती करून उभे करतो. एकोणचाळिसाव्या अध्यायात सांगितले आहे की, ही घडण आईच्या उदरात तीन अंधारांच्या आत चालते. भाष्यकारांनी हे तीन अंधार म्हणजे पोट, गर्भाशय आणि वार असे सांगितले. शहात्तराव्या अध्यायात तो आरंभीचा थेंब मिश्र असल्याचे म्हटले आहे. परंपरेने महंमद पैगंबरांना झालेले पहिले प्रकटीकरण मानतात त्या शहाण्णवाव्या अध्यायाचे नावच 'अल्-अलक' आहे.

आता ही वचने कोणत्या प्रसंगी येतात ते पाहावे. बाविसाव्या अध्यायाचे पाचवे वचन पुनरुत्थानाविषयी शंका घेणाऱ्यांना उद्देशून आहे. ज्याने तुम्हांला मातीपासून, थेंबापासून, अर्धवट घडलेल्या गोळ्यापासून माणूस केले, त्याला मेलेल्यांस उठविणे कठीण आहे काय, असा त्याचा रोख आहे. लगेच पुढे पावसाने जिवंत होणाऱ्या कोरड्या जमिनीचा दाखला येतो. तेविसाव्या अध्यायातही गर्भाच्या पायऱ्या संपताच मृत्यूची व पुन्हा उठविले जाण्याची गोष्ट येते. छत्तिसाव्या अध्यायात तर टोचून विचारले आहे की, एका थेंबापासून झालेला हा मनुष्य आता देवाशीच वाद घालावयास उभा राहिला काय? सारांश, ही वचने वैद्याच्या वर्गासाठी सांगितलेली नाहीत. गर्विष्ठ माणसाला त्याच्या सुरुवातीची आठवण देण्यासाठी ती सांगितलेली आहेत.

परंपरेने काय जोडले

कुराणात या पायऱ्यांना दिवसांचे माप नाही. ते हदीस परंपरेतून येते. अब्दुल्लाह इब्न मसऊद यांच्याकडून आलेली एक प्रसिद्ध हदीस बुखारी (मृत्यू इ. स. ८७०) आणि मुस्लिम (मृत्यू इ. स. ८७५) या दोघांच्याही संग्रहांत आहे. तिच्या रूढ अर्थाप्रमाणे चाळीस दिवस पहिली अवस्था, तितकेच दिवस अलका, तितकेच दिवस मुज्गा. त्यानंतर देवदूत येऊन त्यात आत्मा फुंकतो आणि त्या जिवाची उपजीविका, आयुष्य, कर्मे व अंतीचे सुख किंवा दुःख लिहून ठेवितो. म्हणजे एकशेवीस दिवस. मुस्लिम यांच्याच संग्रहात हुजैफा इब्न असीद यांची दुसरी हदीस आहे. तिच्यात बेचाळीस रात्रींनंतरच देवदूत येऊन रूप, कान, डोळे, कातडी, मांस व हाडे घडवितो, असे सांगितले आहे. या दोहोंचा मेळ कसा घालावा यावर मुसलमान पंडितांनी शतकानुशतके चर्चा केली. वरवर विसंगत दिसणाऱ्या दोन वचनांपुढे त्यांनी डोळे मिटले नाहीत, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. शुभवर्तमानांतील भेद जुळवून पाहणाऱ्या आपल्या भाष्यकारांनी तरी दुसरे काय केले?

या दिवसगणतीवर फार मोठ्या गोष्टी अवलंबून होत्या. हुजैल टोळीतील दोन स्त्रियांच्या भांडणात एकीने दगड मारल्यामुळे दुसरी आणि तिच्या पोटातील बाळ दोन्ही दगावल्याची हकीकत हदीसमध्ये आहे. पैगंबरांनी आईची भरपाई वेगळी ठरविली आणि न जन्मलेल्या बाळाची वेगळी. बाळाच्या भरपाईला 'गुर्रा' असे नाव आहे. पुढे शास्त्रकारांनी तिचे मोल पूर्ण खूनभरपाईचा विसावा भाग, म्हणजे शंभर उंटांऐवजी पाच उंट, असे धरले. बाळ जिवंत जन्मून मग मेले तर भरपाई पूर्ण. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायातील गरोदर स्त्रीला इजा झाल्याचा नियम आपल्याला इथे सहज आठवेल.

गर्भपाताविषयीही पंथापंथांत मतभेद राहिले. हनफी पंथातील अनेकांनी एकशेवीस दिवसांच्या आत काही कारण असल्यास मोकळीक दिली. मालिकी पंथाचे प्रचलित मत चाळीस दिवसांच्या आतही मोकळीक देत नाही. इमाम गजाली यांचा मृत्यू इ. स. ११११ मधला. त्यांनी असे मांडले की, बीज गर्भाशयात स्थिरावून जीव धरण्यास योग्य झाले की त्याचा नाश करणे हा अपराध होय, आणि प्रत्येक पायरीगणिक तो अपराध अधिक गंभीर होत जातो. आत्मा अजून आलेला नाही म्हणून वाटेल ते करावे, असे त्यांनी म्हटले नाही. जे अपुरे आहे त्यालाही त्याच्या पायरीचा मान आहे, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होय.

उसने घेतले काय?

दुसऱ्या पत्रकाचा आरोप असा की, हे सारे ग्रीकांचे आहे. गेलेन या दुसऱ्या शतकातील वैद्याने गर्भाच्या चार अवस्था सांगितल्या हे खरे आहे, आणि त्यांत व कुराणातील पायऱ्यांत साम्य आहे हेही खरे आहे. गेलेनचे ग्रंथ सहाव्या शतकात सर्जियस नावाच्या ख्रिस्ती वैद्याने सिरियाक भाषेत आणले होते. नवव्या शतकात बगदाद येथे हुनैन इब्न इसहाक या पूर्वेकडील मंडळीच्या ख्रिस्ती विद्वानाने त्यांपैकी पुष्कळ ग्रंथ सिरियाक व अरबी भाषांत उतरविले. ज्या वैद्यकाचा इस्लामी जगाने पुढे अभिमान बाळगला, त्याच्या भाषांतराचे मोठे काम आपल्याच विश्वासबंधूंच्या हातून झाले, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगितली पाहिजे.

परंतु साम्य म्हणजे चोरी नव्हे. आता ईयोबाकडे वळू. तो देवाला म्हणतो की, तू मला दुधासारखे ओतलेस आणि विरजणासारखे घट्ट केलेस. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल यानेही गर्भधारणेला दूध थिजण्याचीच उपमा दिली आहे. म्हणून ईयोबाने ती ग्रीकांकडून उचलली, असे आपण म्हणतो काय? नाही. दूध घट्ट होताना प्रत्येक घरातील स्त्री पाहत असे, आणि अकाली पडलेला गर्भही दुर्दैवाने पुष्कळ स्त्रियांनी पाहिलेला असे. जे ज्ञान सुइणींच्या हातांत होते त्याला पुस्तकाची गरज नव्हती. जी सवलत आपण ईयोबाला देतो ती शेजाऱ्याच्या ग्रंथाला नाकारणे म्हणजे पिशवीत दोन वजने बाळगणे होय, आणि नीतिसूत्रांत अशा खोट्या वजनांविषयी काय सांगितले आहे ते आपणास ठाऊक आहे.

मुसलमान पंडितांनाही ग्रीकांची लाज वाटत नव्हती. दमास्कसचे इब्न कय्यिम (मृत्यू इ. स. १३५०) यांनी बाळाविषयीच्या आपल्या ग्रंथात हिपॉक्रेटीसचे म्हणणे हदीससोबत मांडले. आत्मा येण्यापूर्वी गर्भाला वनस्पतीसारखी वाढ असते आणि आत्मा आल्यावर इच्छा व संवेदना येतात, असा त्यांनी उलगडा केला. जिथे पटले नाही तिथे या पंडितांनी ग्रीकांना विरोधही केला. ॲरिस्टॉटलच्या मते आई केवळ द्रव्य पुरविते, घडविणारी शक्ती बापाची. हदीसच्या आधारे मुसलमान भाष्यकारांनी सांगितले की, बाळात आई आणि बाप दोघांचाही वाटा असतो, म्हणून ते कधी हिच्यासारखे दिसते तर कधी त्याच्यासारखे.

आधीच सांगितले होते काय?

आता पहिले पत्रक. इ. स. १९७६ मध्ये मोरिस बुकाय या फ्रेंच डॉक्टरांनी बायबल, कुराण आणि विज्ञान यांची तुलना करणारे पुस्तक लिहिले आणि ते जगभर पसरले. कॅनडातील टोरँटो विद्यापीठाचे शरीररचनाशास्त्रज्ञ कीथ मूर यांच्या गर्भशास्त्राच्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकाची इस्लामी पुरवणी जोडलेली आवृत्ती १९८३ मध्ये निघाली, आणि १९८६ मध्ये त्यांनी या विषयावर लेख लिहिला. अलका म्हणजे जळू हा अर्थ घेऊन चौथ्या आठवड्याच्या सुमाराचा गर्भ तसाच दिसतो, अशी चित्रे तेव्हापासून पत्रकांत येऊ लागली.

आज विज्ञान काय सांगते? गर्भधारणेनंतर सुमारे सहाव्या दिवशी बीज गर्भाशयाच्या अस्तराला चिकटू लागते. बाविसाव्या दिवसाच्या सुमारास हृदय धडधडू लागते. पहिल्या आठ आठवड्यांच्या वाढीचे शास्त्रज्ञ तेवीस टप्पे करतात. कूर्चा आणि स्नायू सुमारे एकाच काळात आकार घेतात, आणि कूर्चेचे हाड होण्यास सातव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास आरंभ होतो. म्हणजे चिकटून राहण्याची गोष्ट जुळते. आधी हाडे आणि मागून मांस हा क्रम मात्र सूक्ष्मदर्शकाखाली तसा सरळ दिसत नाही. सस्तन प्राण्याचे स्त्रीबीज प्रथम ओळखले गेले ते १८२७ मध्ये, फोन बेअर यांच्याकडून. त्याविषयी प्राचीन ग्रंथांनी काय म्हणावयास हवे होते, असे विचारणेच व्यर्थ आहे.

अशा जुळवाजुळवीवर स्वतः मुसलमान विचारवंतांनीही टीका केली आहे. झियाउद्दीन सरदार यांनी या पद्धतीला बुकायच्या नावावरूनच नाव दिले व तिचे धोके दाखविले. खगोलशास्त्रज्ञ निदाल गेसूम यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात तेच केले. त्यांचे म्हणणे आपणही ऐकण्यासारखे आहे. पाठ्यपुस्तकाच्या आवृत्त्या बदलतात. देवाच्या वचनाला आज पाठ्यपुस्तकाचे प्रमाणपत्र घेतले, तर उद्या ते प्रमाणपत्र रद्द झाल्यावर काय करावयाचे? आपल्यातही उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाला असली प्रमाणपत्रे चिकटविणारे थोडे नाहीत.

आपली बाजूही एकजिनसी नाही

आपल्या परंपरेने या प्रश्नाचे एकच उत्तर दिले, असे कोणी समजू नये. टर्टुलियन याने आत्मा गर्भधारणेपासूनच असतो असे मानले. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात निर्गमातील त्या नियमात घडलेला आणि न घडलेला गर्भ असा भेद आहे, आणि ऑगस्टीनने त्यावर विचार केला. थॉमस अक्वायनस (मृत्यू इ. स. १२७४) यानेही ॲरिस्टॉटलला अनुसरून विवेकी आत्मा पुढे येतो असेच म्हटले. एकशेवीस दिवसांना हसण्यापूर्वी आपल्या घरातील हे जुने हिशेब आपण पाहावेत.

आणि उपदेशकाच्या अकराव्या अध्यायातील पाचवे वचन आपण विसरू नये. गर्भवतीच्या उदरात हाडे कशी वाढतात हे तुला कळत नाही, तसे सर्व करणाऱ्या देवाचे कार्यही कळत नाही, असा त्याचा भाव आहे. स्तोत्र १३९ मध्येही कर्ता गर्भाचे शास्त्र शिकवीत नाही. मी दिसत नव्हतो तेव्हाही तू मला पाहिलेस, एवढेच तो कृतज्ञतेने कबूल करतो.

याचा अर्थ दोन्ही धर्मांचे म्हणणे एकच आहे असा नव्हे, आणि तसे सांगणे हीही एक प्रकारची खोटी साक्षच होईल. अनादि शब्द देही झाला, तोही मरीयेच्या उदरातील त्याच अंधारातून, त्याच पायऱ्यांनी आला, असा आपला विश्वास आहे. कुराण मरीयेचा मोठा सन्मान करते, येशूचा जन्म कुमारीपासून झाल्याचे मानते; परंतु देव देही झाला हे ते नाकारते. हा भेद खरा आहे, मोठा आहे, आणि तो चाचांनी व मी कधी लपविला नाही. पण तो भेद जळूच्या चित्रांनी किंवा हाडामांसाच्या क्रमाने मिटत नाही आणि वाढतही नाही.

एक लहान कबर

शेवटी एक आठवण सांगतो. माझ्या त्या भाषणाला दोनेक वर्षे झाली असतील. चाचांच्या सुनेचे पाच महिन्यांचे बाळ पोटातच गेले. चाचांनी त्या एवढ्याशा देहाला आंघोळ घातली, स्वच्छ पांढऱ्या कपड्यात गुंडाळले, त्याला नाव दिले आणि कबरस्तानात नेऊन पुरले. मी सोबत गेलो होतो. परतताना ते म्हणाले, "त्याचे नाव अल्लाहच्या दरबारी लिहिलेले आहे, बेटा. मग आम्ही नाव न घेता त्याला कसे पुरायचे?" इब्न माजा यांच्या संग्रहात एक हदीस आहे, जिच्या प्रामाण्याविषयी पंडितांत मतभेद आहेत. अकाली गेलेले मूल धीर धरणाऱ्या आपल्या आईला नाळेने धरून स्वर्गाकडे ओढून नेईल, असा तिचा आशय आहे. चाचांनी ती त्या संध्याकाळी सुनेला सांगितली. ती प्रथमच रडली.

ज्या एकशेवीस दिवसांवर मी सभेत हशा मिळविला होता, त्यांचा अर्थ मला त्या कबरीपाशी कळला. त्याच वर्षी आमच्या मंडळीतील एका भगिनीचेही बाळ असेच गेले होते. आम्ही काय केले? 'अजून तरुण आहात, देव दुसरे देईल' असे म्हणून घरी गेलो. ना प्रार्थना, ना नाव. स्तोत्र १३९ आम्हां सर्वांना तोंडपाठ होते. आमच्या शास्त्रात काही कमी नव्हते. कमी आमच्यात होते.

त्या मुलाला मी दुसऱ्या रविवारी उत्तर दिले. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनाही तेच सांगावेसे वाटते. पहिले, शेजाऱ्याचा ग्रंथ पत्रकातून नव्हे, त्याच्या स्वतःच्या तोंडून आणि पूर्ण संदर्भासह समजून घ्यावा. दुसरे, जे माप त्याला लावाल ते आधी आपल्या शास्त्राला लावून पाहावे. तिसरे, आईच्या उदरातील बालक हे वादात जिंकण्याचे हत्यार नव्हे. ते देवाने आपल्या स्वाधीन केलेले, अजून पुरे न घडलेले, म्हणूनच अधिक जपावयाचे लेकरू आहे.

मुलगा म्हणाला, "मग सर, मित्राला काय सांगू?" मी म्हटले, "त्याला सांग की, आपण दोघेही एके काळी अंधारात होतो आणि आपल्याला कोणीतरी घडवीत होते. मग त्याला विचार, तुझ्या घरी याविषयी काय सांगतात? आणि नीट ऐकून घे."

आपल्या मंडळीत अशी एखादी माता असेल, जिच्या न जन्मलेल्या लेकराचे नाव कोणी विचारले नाही. या महिन्यात तिच्या घरी जावे, तिच्याजवळ बसावे आणि तिची इच्छा असेल तर त्या लेकराचे नाव घेऊन प्रार्थना करावी. प्रभू आपणा सर्वांस त्यासाठी नम्र मन देवो.